निम्मा भाव

लाँड्रीचा दरफलक लावला होता नेमका थोरलीच्या डोक्यामागे. गिऱ्हाईक आत आलं की आधी तिच्या डोक्याच्या वर बघायचं, तिथल्या तिथे त्याचे डोळे मोठे व्हायचे, आणि मग ते मोठे झालेले डोळे तसेच खाली तिच्या तोंडावर यायचे. दर ठरवले मालकाने, फलक रंगवला रंगाऱ्याने, आणि वटारलेले डोळे बघायची नोकरी लागली हिला. गेल्या वर्षभरात मालकाने दोनदा दर वाढवले होते. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तो दुकानात फिरकला नव्हता.

"एका कोटाला एवढे? अहो बाई, धुवायचाय, नवा शिवायचा नाहीये!"

"लोकरीचा आहे ना. ड्रायक्लीनच करावा लागतो."

"ड्राय म्हणजे कोरडं ना? म्हणजे पाणीसुद्धा वापरत नाही तुम्ही. मग पैसे कसले घेता?"

हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय अशा थाटात दिवसातून दोघे-तिघे तरी करत. थोरली प्रत्येकाला हसून दाखवी. हसायचं, पावती फाडायची, खिशात काही राहिलं नाही ना ते चाचपायचं, कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची. 'लूट आहे नुसती' हे वाक्य लोक जाताना दारातच टाकून जात. तिला कुणी विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, लूटच आहे. तिचा स्वतःचा एकुलता एक गरम कोट ती घरी बादलीत भिजवायची.

तिला थोरली म्हणायचं कारण एवढंच, की तिच्या पाठीवर एक भाऊ होता. तो दूरच्या शहरात राही आणि दर रविवारी फोन करून 'बाबांना काही कमी पडू देऊ नकोस हं' असं बजावी. वडिलांसाठी धाकट्याचं करणं म्हणजे हा फोन. बाकीचं सगळं नावाप्रमाणेच थोरलीकडे आलं होतं.

संध्याकाळी लाँड्रीचं शटर पडलं की तिची दुसरी पाळी सुरू होई. दिवसभर चढे भाव रास्त आहेत म्हणून लोकांना पटवायचे, आणि घरी येऊन तेच भाव उतरवून बाबांना सांगायचे. पहिल्या पाळीला निदान पगार तरी होता.

बाबांचं एके काळी खिळ्या-स्क्रूंचं दुकान होतं. लहानसं, पण मापात चोख. गिऱ्हाईक यायचं, अंगठा आणि बोट लांब करून दाखवायचं, 'एवढा द्या', आणि बाबा त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा खिळा काढून ठेवायचे. "माणूस बोटांनी दाखवतो ते माप नेहमी कमी असतं," ते म्हणत. "भिंतीची जाडी तो विसरतो." आणि मोठा खिळाच बरोबर बसायचा. भावाच्या बाबतीत त्यांचा एकच मंत्र होता: माल किती, मजुरी किती, वर दोन पैसे नफा. याच्या वर घेतो तो चोर. या मंत्रावर त्यांनी आयुष्य काढलं आणि याच मंत्रापायी दुकान घालवलं. दोन पैशांत दुकानाचं भाडं निघेना, तेव्हा त्यांनी एक दिवस तराजू पुसला, कुलूप लावलं आणि किल्ली घरमालकाच्या हातात दिली.

आई गेल्यावर बाबा थोरलीकडे राहायला आले आणि त्यांची जगाशी पहिल्यांदा गाठ पडली. आजवर बाजारहाट आई करायची. तिने त्यांना काय सांगितलं होतं देव जाणे, पण बाबांच्या डोक्यातले भाव जिथल्या तिथे थांबलेले होते. हातभर तारेच्या चार्जरला एवढे? चष्म्याच्या काडीत राईएवढा स्क्रू बसवायला एवढे? मी असे ओंजळभर स्क्रू फुकट वाटलेत! डोक्यावर मोजून चार केस, ते कापायला एवढे? त्याने उलट मलाच सूट द्यायला हवी! एकदा तर दवाखान्यातल्या पाण्याच्या बाटलीची किंमत ऐकून ते तहानलेलेच घरी आले. नळ नव्हता असं नाही; पण पाण्याला पैसे मागणाऱ्याच्या नळाचंही पाणी नको, असं त्यांचं म्हणणं.

इथवर हसण्यावारी नेता आलं. मग थोरलीने त्यांच्यासाठी चपला आणल्या आणि किंमत विचारली तेव्हा खरी सांगून बसली. बाबांनी त्या चपला पायात घातल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जुन्याच, अंगठा तुटलेल्या चपला फरफटत ते त्या दुकानात गेले आणि भर गर्दीत दुकानदाराला विचारलं, यात माल किती, मजुरी किती? दुकानदाराने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.  त्या रात्री बाबांनी ताटात घेतलं ते निम्मं, आणि दुधाचा पेला बाजूला सारला. "नको मला. महाग झालंय म्हणे."

"दुधाला कुठे महाग म्हणते मी?"

"तू म्हणत नाहीस. मी पेपरात वाचलं."

पुढे महिनाभर दूध बंद. मग चहातली साखर कमी. मग 'मला कुठे एवढी भूक लागते' सुरू झालं. बाबांचे गाल आत गेले, सदरा खांद्यावरून उतरायला लागला. थोरलीला ते बघवेना. माणूस आजारी असला तर औषध देता येतं. चढ्या भावांनी खंगणाऱ्या माणसाला काय द्यायचं? तिने एक दिवस त्यांच्यासमोर दुधाची पिशवी ठेवली आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "बाबा, भाव उतरले बरं का. निम्म्यावर आले."

बाबांनी पेला उचलला.

तेव्हापासून घरात निम्म्याचा कायदा लागू झाला. काहीही आणलं तरी किंमत सांगायची ती बरोबर निम्मी. पाऊण नाही, तिसरा हिस्सा नाही. निम्मीच, म्हणजे लक्षात ठेवायला सोपं. नवरा गोदामात कामाला होता, दिवसभर पोती मोजून त्याचं डोकं आधीच भणभणलेलं असे. तो सुरुवातीला चुकायचा. एकदा सदऱ्याची खरी किंमत बोलून गेला. बाबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "जावईबापू, तुम्हाला गंडवलं. तुम्ही हिला पाठवत जा. आमची थोरली बाजारात उभी राहिली की दुकानदारांना घाम फुटतो!"

थोरलीने जन्मात कधी घासाघीस केली नव्हती. दिवसभर भावावरून कटकट ऐकलेल्या बाईला संध्याकाळी स्वतः कटकट करायची ताकद कुठून असणार? सांगतील ते पैसे देऊन ती निघून यायची. पण बाबांनी तिची कीर्ती जिन्याच्या वरपासून खालपर्यंत पसरवली. वरच्या मजल्यावरची बाई एकदा येऊन हळूच विचारून गेली, "तुम्ही बटाटे नक्की कुठून आणता हो?"

असं चाललं होतं. नवरा म्हणायचा, "आपल्या घरात दोन भाव आहेत. एक खरा, एक बाबांचा." आणि बाबांचे गाल भरून आले होते, हेही खरं.

मग बाबांचे कान गेले.

एकदम नाही, हळूहळू. आधी टीव्हीचा आवाज वाढला, शेजाऱ्यांनी भिंतीवर थाप मारली, ती थापही बाबांना ऐकू आली नाही. मग ते बोलण्यातून सुटत गेले. जेवताना तिघे असले तरी बोलणं दोघांत व्हायचं, आणि बाबा ताटाकडे बघून उगीच मान हलवत राहायचे. एके दिवशी बागेकडे जाताना पाठीमागून येणाऱ्या मालमोटारीचा भोंगा त्यांना ऐकू गेला नाही. ड्रायव्हरने ऐनवेळी गाडी वळवली म्हणून बाबा घरी आले. आले तेव्हा त्यांना माहीतही नव्हतं काय झालं ते. दुसऱ्याच कुणीतरी येऊन सांगितलं. थोरलीने त्याच संध्याकाळी कानाच्या मशीनच्या दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

त्या सुमारास थोरलीची एक दाढ किडली होती. रूट कॅनाल करून वर कॅप बसवायची, असं डॉक्टरने सांगितलं होतं, आणि जी किंमत सांगितली ती ऐकून दाढेची कळ विसरून तिला घेरीच आली होती. तरी वर्षभर थोडं थोडं साठवून कपाटातल्या पाकिटात तिने ते पैसे जमवत आणले होते. तोवर डाव्या बाजूने चावायचं आणि गार पाणी प्यायचं नाही, एवढं पथ्य.

कानाच्या मशीनच्या दुकानात पाय ठेवताच तिला कळलं की पाकीट गेलं. गालिचा होता. थंड हवा होती. पांढऱ्या कोटातली मुलगी इतक्या हळू बोलत होती की चांगल्या कानाच्या माणसालाही वाकावं लागे. बाबांना तिने तपासणीसाठी काचेच्या खोलीत बसवलं आणि थोरलीसमोर मशीन ठेवलं. शेंगेतल्या दाण्याएवढं. मग एक कागद पुढे सरकवला, त्यावर किंमत.

"एवढ्याशा वस्तूला एवढे?" थोरली बोलून गेली.

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. तेच वाक्य, तोच सूर, बहुतेक डोळेही तसेच. पांढऱ्या कोटातली मुलगी हसली. ते हसणं थोरलीने ओळखलं. ती स्वतः रोज तेच हसते. मुलीच्या चपलेची एक पट्टी दोऱ्याने शिवलेली होती. पुढे काही बोलण्यात अर्थ नव्हता. तिने विचारलं, "याहून कमी?" मुलगी म्हणाली, "हेच सगळ्यात कमी आहे." थोरलीचा तीन महिन्यांचा पगार होता तो. दाढेचं पाकीट रिकामं झालं, वर नवऱ्याने जादा पाळ्यांचे साठवलेलेही गेले.

आता बाबांना काय सांगायचं? निम्म्याने भागणार नव्हतं. निम्मी किंमतही ऐकली असती तर बाबांनी मशीन कानातून उपटून काउंटरवर ठेवलं असतं. म्हणून तिने एका साध्या बुटांच्या जोडाएवढी किंमत सांगितली. सांगताना जीभ जरा अडखळली.

बाबांनी मशीन हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. "माल काय, चिमूटभर. पण मजुरी बारीक आहे. ठीक. रास्त आहे." आणि निघताना त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आजकाल असे दुकानदार राहिले नाहीत, पोरी. हाच भाव ठेव. जास्त हाव धरू नकोस." मुलगी थोरलीकडे बघत राहिली. थोरलीने बाबांना दाराबाहेर ढकललं.

त्यानंतरचे काही दिवस फार चांगले गेले. बाबांना घड्याळाची टिकटिक ऐकू आली आणि ते म्हणाले, हे इतकी वर्षं चालूच होतं? कुकरची शिट्टी, जिन्यातली पावलं, वरच्या बाईचं रागावणं. प्रत्येक आवाजाला ते दाद देत. जेवताना बोलणं पुन्हा तिघांत व्हायला लागलं. थोरलीला वाटलं, गेले पैसे तर गेले, वसूल झाले.

एका संध्याकाळी ती पाणी प्यायली, नेहमीसारखी डावीकडून. तरी एक घोट चुकून उजवीकडे गेला. तिच्या तोंडातून बारीकसं 'स्स्' निघालं. वर्षभर निघत होतं. नवऱ्याने कधी ऐकलं नव्हतं, तिने स्वतःही ऐकणं सोडलं होतं.

"कसला आवाज तो?" बाबांनी विचारलं.

"कुठे काय?"

"आत्ता केलास तो. काल पण दोनदा केलास."

सांगावं लागलं. दाढ, डॉक्टर, कॅप. बाबांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: किती मागतो? थोरली दमलेली होती, विचार करायचं त्राण नव्हतं. तोंडाला आला तो भाव तिने सांगितला, तो पुन्हा बुटांच्या जोडाचाच. बाबा चिडतील, दाताला टोपी कसली घालतात म्हणतील, म्हणून ती वाट बघत राहिली.  बाबा नुसते तिच्या गालाकडे बघत राहिले. तिने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

बागेत बाबांचा एक मित्र होता. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचेही कान गेलेले. दोघे बाकावर बसून एकमेकांना न ऐकता तासन् तास गप्पा मारायचे आणि दोघांचंही समाधान व्हायचं. बाबांच्या कानात मशीन आल्यावर ही बरोबरी मोडली.

दोन दिवसांनी थोरली लाँड्रीतून आली, तर बाबा जेवणाच्या टेबलाशी ताठ बसलेले. समोर नोटांच्या दोन गड्ड्या, शेजारी शेजारी, कडा जुळवून ठेवलेल्या. कानात काही नाही.

"बाबा, मशीन कुठाय?"

त्यांना अर्थातच ऐकू गेलं नाही. पण प्रश्न कळला. ते डावीकडच्या गड्डीवर बोट ठेवून म्हणाले, "हे मशीनचे. उद्या येताना दुसरं घेऊन ये." मग उजवीकडच्या गड्डीवर बोट ठेवलं. "आणि हे तुझ्या दाढेचे."

थोरली खुर्चीत बसली. 

"मास्तरला विकलं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नको इतका मोठा होता. "तो मागेच लागला होता. त्याला कुठे दुकानापर्यंत चालवतंय. म्हटलं हेच घे."  मग मान खाली घालून म्हणाले, "दुप्पट घेतले मी. त्याला भाव ठाऊक नाही, म्हणून दुप्पट सांगितले. आयुष्यात कुणाकडून पैसा जास्त घेतला नाही, आणि आज मित्राला लुबाडलं. पण तुझी दाढ..." 

आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ असतात. आवळ्याच्या भावात कोहळा देऊन वर आपणच चोर ठरलो म्हणून कुढणारा माणूस जगात हा एकच असेल, आणि तो थोरलीच्या वाट्याला आला होता. तिला हसू येईना, रडू येईना. समोर दोन जोड बुटांचे पैसे होते. तीन महिने ती डोळे वटारलेल्या लोकांसमोर उभी राहिली होती, ते पैसे आता बाकावर बसून मास्तरांच्या कानात चिमण्या ऐकत होते.

नवरा आला. त्याला सगळं सांगितलं. त्याने दोन्ही गड्ड्या मोजून खाली ठेवल्या आणि म्हणाला, "मास्तरांना खरं सांगून परत आणू."

"मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी बाकावर बाबांना कळेल."

"कळू दे की."

"मशीनचं कळलं की साखरेचं कळेल. दुधाचं कळेल. सगळंच कळेल." ती बाबांकडे बघत होती. "पुन्हा खायचे बंद होतील ते."

 नवरा उठता उठता म्हणाला, "म्हणजे आता डाव्या बाजूची दाढही सांभाळ." तो विनोद होता, पण दोघांपैकी कुणी हसलं नाही.

जेवायला बसले. बाबांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. दुधाचा पेला पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला, अगदी त्या पहिल्या वेळेसारखा. 

"जात नाही," बाबा म्हणाले. "मास्तर आठवतो. काय खूश होता! अर्धंमुर्धंच ऐकू येतंय त्याला, ते माझ्या कानाच्या मापाचं ना. तरी म्हणतो, तुझे उपकार झाले. उपकार कसले? चोरी केली मी."

म्हणजे हा पेच असा होता. भाव खोटा होता म्हणून बाबा जेवत होते, आणि त्याच खोट्या भावापायी आज जेवेनासे झाले होते. त्यांच्या मनावरचं ओझं उतरवायला एकच वाक्य पुरे होतं: बाबा, तुम्ही चोर नाही, तुम्ही ते पाण्याच्या भावात दिलंत. पण ते वाक्य म्हटलं की मागची सगळी वर्षं उलगडणार.

थोरली इतकी दमली होती की तिला वाटलं, उलगडू दे. किती दिवस दोन दोन भाव पाठ ठेवायचे?

"बाबा," ती म्हणाली, "मशीन बुटांच्या भावाचं नव्हतं. माझा तीन महिन्यांचा पगार गेला त्यात. तुम्ही मास्तरांना लुबाडलं नाहीत. लुबाडले गेले ते आपण." एकदा सुरुवात झाली तशी ती थांबेना. "साखरेचे पण सांगितले त्याच्या दुप्पट दिले होते. दुधाचा भाव कधी उतरलाच नाही, बाबा. सदरा, चष्मा, बटाटे, काहीच मी स्वस्तात आणलं नाही. मला भाव करता येत नाही. मला कुणाशी भांडायचा कंटाळा येतो." नवरा घास हातात धरून ऐकत होता. तिने एवढं एकदम बोललेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी कानामागे हात धरला आणि वाकून म्हणाले, "काय म्हणालीस? मोठ्याने बोल. आता नाही ना मशीन."

थोरलीने तोंड उघडलं. हे सगळं पुन्हा सांगायचं, तेही ओरडून, जिन्यातल्यांना ऐकू जाईल असं. दिवसभर काउंटरवर बोलून बोलून तिच्या घशात काही उरलं नव्हतं. आणि बाबा कानामागे हात धरून वाट बघत होते, पेला तसाच भरलेला होता.

तिने उजवीकडची गड्डी उचलली, बाबांच्या हातात ठेवली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एवढंच ओरडली, "परत देऊन या!"

हे बाबांना ऐकू गेलं. त्यांनी गड्डी दोन्ही हातांत धरली. "पण मग तुझी दाढ?"

"देऊन या!"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. खरा भाव ठाऊक असलेली बाई उरलेलेही पैसे परत पाठवते आहे, हे बघायची वेळ त्याच्यावर आली होती. पण तो मध्ये पडला नाही. तो तसा बरा माणूस होता.

सकाळी बाबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघाले. मालमोटारीच्या आठवणीने थोरली त्यांना रस्ता ओलांडून बागेच्या फाटकापर्यंत सोडून आली आणि तिथेच थांबली. लाँड्री उघडायची वेळ टळत होती. थोड्याच वेळात बाबा परत आले, आले ते जवळजवळ तरुण होऊन. "घेत नव्हता लेकाचा! म्हणे मैत्रीत कसला हिशेब. त्याच्या खिशात कोंबले आणि आलो." घरी पोचल्यावर खुर्चीत बसत ते म्हणाले, "दूध आहे का गं?"

थोरलीने पेला भरून दिला. बाबांनी तो एका दमात संपवला, ओठ पुसले आणि मग त्यांना आठवलं.

"दाढेचं मात्र राहिलंच."

"राहू दे. आता नाही दुखत तेवढी."

त्यांनी हातानेच विचारलं, काय? थोरलीने ओरडायचा कंटाळा केला. अंगठा आणि बोट जवळ आणून तिने दाखवलं, एवढीशी दुखते, चिमूटभर. आणि ती पर्स उचलायला वळली.

बाबांनी तिचं मनगट धरलं. तिच्या दोन बोटांमधल्या फटीकडे ते बघत राहिले, दुकानात गिऱ्हाइकाच्या बोटांकडे बघायचे तसे. मग त्यांनी तिचं बोट अंगठ्यापासून हळूच लांब केलं. थांबले, अंदाज घेतला आणि आणखी लांब केलं, पंजा ताणून दुखेपर्यंत.

"लहानपणापासून तू दुखणं निम्मंच सांगतेस," ते म्हणाले.

थोरली तशीच उभी राहिली. मग ती रडायला लागली. चांगली आवाज करून रडली, ऐकू जाईल याची भीती नव्हती. नवरा केव्हाच कामाला गेला होता. खाली रस्त्यावर लोक आपापले कोट हातावर घेऊन बंद लाँड्रीकडे चालले असतील, याची तिला पुरती कल्पना होती. बाबा तिचं बोट धरून बसले होते, आणि तिने ते सोडवून घेतलं नाही.